घरशाळेच्या वह्या: स्पायरल, फाइल की शिवण? (आपल्याकडचा उन्हाळा धरून सांगा)

तापीकाठ | ६ एप्रिल, रात्री १०:४०

भुसावळजवळ राहतो. दोन मुलं, थोरली ११ वर्षांची, धाकटा ८ चा. घरशाळेचं हे तिसरं वर्ष. शिकवण्याचं बरं चाललंय, रडगाणं आहे ते कागदांचं.

पहिल्या वर्षी शाळेसारखंच केलं. विषयवार दोनशे पानी वह्या, खाकी कव्हर, लेबल. वर्षाअखेर नऊ वह्या, त्यातल्या सहा निम्म्या कोऱ्या, आणि थोरलीची परिसराची वही मात्र तीनदा संपलेली. घरी विषय असे रांगेत चालत नाहीत. आमच्याकडे केळीच्या घडाचं वजन काढता काढता गणित होतं, त्याच पानावर खाली चित्र येतं, आणि मग भाव का पडला यावर चार ओळी. आता हे पान कुठल्या वहीतलं?

दुसऱ्या वर्षी म्हणून सुट्या ए-फोर कागदांवर लिहून घेतलं आणि मार्चमध्ये दुकानात नेऊन स्पायरल मारून आणलं. दुकानदाराने मशीनमध्ये घातलं, दांडा ओढला, झालं. घरी येऊन बघते तर भागाकाराच्या सगळ्या पानांवर डावीकडचे आकडे भोकात गेलेले. उत्तरं आहेत, बाकी आहे, पण कशाने भागलं तेच नाही. पोरगी अर्धा तास बोलली नाही माझ्याशी.

वर आणखी एक. ते गठ्ठे पत्र्याखालच्या खोलीत पेटीत ठेवले होते. मे महिन्यानंतर उघडले तर वरच्या पारदर्शक प्लॅस्टिकला झेरॉक्सची अक्षरं उलटी चिकटून आलेली.

धाकटा डावखुरा आहे. स्पायरलच्या वहीत लिहिताना त्याचा हात कडीवरच येतो, मनगटावर वळ उठतात.

यंदाचे साधारण तीनशे कागद समोर पडलेत. काय करू?

---

भरीत_पुरी | ६ एप्रिल, रात्री ११:१५

ताई, स्पायरल सोडा. दोन कड्यांची फाइल घ्या, ती जाड, पुठ्ठ्याची, खटका असलेली. आम्ही चार वर्षं तीच वापरतो (जळगाव). पान केव्हाही घाला, केव्हाही काढा. पंचिंग मशीन एकदाच घ्या, पण मध्यभागाची खूण असलेलं. दोन भोकांमधलं अंतर ८० मिमी हे ठरलेलं माप आहे, त्यामुळे मशीन एका दुकानातलं आणि फाइल दुसऱ्या दुकानातली असली तरी बसतं.

विषयांच्या मधल्या पत्त्यांना पैसे घालवू नका. लग्नपत्रिका! आपल्याकडे एका लग्नसराईत घरात चाळीस-पन्नास येतात. जाड असतात, कडेला उभी पट्टी सोडून कापल्या की झाले विभाजक. आमच्या भूगोलाच्या आधी अजून ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ आहे.

---

वेळ_कुठंय | ७ एप्रिल, सकाळी ७:०२

फोनवर स्कॅन करा, ड्राइव्हवर टाका, कागद रद्दीला. संपलं.

---

भरीत_पुरी | ७ एप्रिल, सकाळी ७:३०

@वेळ_कुठंय, स्कॅन आम्हीही करतो, हरकत नाही. पण आठ वर्षांचं पोर पावसाळ्याच्या दुपारी ड्राइव्ह उघडून आपलं मागच्या वर्षीचं चित्र बघत बसत नाही. फाइल घेऊन बसतं.

---

धुळेकर_निवृत्त | ७ एप्रिल, सकाळी ९:२०

मी ३४ वर्षं कार्यालयात नस्त्या लावल्या, आता नातवाची घरशाळा बघतो. वरच्या फाइलीबद्दल एक अडचण सांगतो. दोन भोकांवर पानाचं सगळं ओझं येतं आणि मुलं पान उलटताना कोपऱ्याला धरून ओढतात. दिवाळीपर्यंत पहिली वीस पानं सुटतात. भोकाभोवती लावायच्या गोल चिकट चकत्या मिळतात, त्या पहिल्या आणि शेवटच्या दहा पानांना तरी लावा.

पण खरी गोष्ट बांधणीची नाही, नोंदीची आहे. प्रत्येक कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि चालू क्रमांक. विषय लिहू नका. विषयावर तुमचं भांडण होईल (गणित की परिसर?), क्रमांकावर होत नाही. मग पहिल्या पानावर अनुक्रमणिका: क्रमांक, काय आहे, विषय एक किंवा तीन. केळीच्या घडाचं पान अनुक्रमणिकेत तीन ठिकाणी येऊ द्या, कागद एकाच जागी राहील. आम्ही कार्यालयात याच जोरावर तीस वर्षांपूर्वीचा कागद दहा मिनिटांत काढून द्यायचो. (आता संगणक आल्यावर दोन दिवस लागतात, तो वेगळा विषय.)

आणि तुमच्या डावखुऱ्या धाकट्यासाठी: धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिर आहे, तिथे समर्थ संप्रदायाची जुनी हस्तलिखितं जपलेली आहेत. बघून या मुलांना घेऊन. पोथी म्हणजे आडवी सुटी पानं, वर-खाली लाकडी पाटी आणि भोवती कापड, शिवण नाहीच. आणि बाड म्हणजे वरच्या, अरुंद कडेला शिवलेली लांब वही, पान खालून वर उलटायचं. बाडात डावा-उजवा भेद राहत नाही, कारण शिवण डोक्यावर. तुमच्या धाकट्याला वरून बांधलेली वही द्या.

---

सातपुड्याची_वाट | ७ एप्रिल, दुपारी ३:४५

तळोद्याकडून. आमचं सगळं निसर्गवहीभोवती चालतं. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षिकेची कल्पना आहे मुळात, मूल रोज बाहेर जाऊन जे दिसेल ते स्वतःच्या वहीत काढतं, लिहितं. आम्ही त्यात प्रत्यक्ष वस्तूही चिकटवतो. पळसाचं फूल, सागाचं जाळी झालेलं पान, मोहाची वाळलेली फुलं (ती चिकटवू नका, मुंग्या येतात, अनुभवाचे बोल).

अडचण अशी की तयार वहीत दहा पानं चिकटवली की वही पाचराच्या आकाराची होते. कण्याकडे बारीक आणि तोंडाकडे फुगलेली. अमळनेरला एका म्हाताऱ्या बाइंडरकाकांकडे नेली तर हातात घेऊन म्हणाले, “हाई वही शे का भजं?”

त्यांनीच मग उपाय सांगितला. दर तीन-चार पानांनंतर एक पान कण्यापासून बोटभर सोडून कापून टाकायचं. ती उरलेली पट्टी कण्यात जाडी भरते आणि पुढे चिकटवलेल्या वस्तूला जागा होते. पान वाया जातं म्हणून आधी जिवावर आलं, पण वही सपाट राहते.

केळीचा चीक लागलेलं पान असेल तर धुवायला जाऊ नका. ओला असताना दिसत नाही, दोन दिवसांनी काळा पडतो, तो कायमचा. आमच्या मुलीने त्या डागाभोवती पेन फिरवून खाली लिहिलं: हा चीक, १४ ऑगस्ट. मला तेच सगळ्यात चांगलं पान वाटतं.

---

पाचोरा_पॅसेंजर | ७ एप्रिल, रात्री ९:१०

बांधणीचं मला कळत नाही. पण नवे पालक ‘पुरावा पुरावा’ करत घाबरून सगळे कागद जपतात, त्यांच्यासाठी थोडं. उद्या मूल शाळेत घालायचं झालं तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ४ प्रमाणे वयानुरूप वर्गात प्रवेश आहे, तिथे तुमच्या तीनशे कागदांवर काही अडत नाही. मुक्त विद्यालयाच्या (एनआयओएस) वाटेने गेलात तर मुलांसाठी अ, ब, क असे स्तर आहेत, अनुक्रमे तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीचे. दहावीला किमान वय १४, आणि तिथे विषयवार गृहकार्य द्यावं लागतं, त्याला २० टक्के वजन आहे. ते गृहकार्य वेगळं ठेवा, वर्षाच्या वहीत शिवून टाकू नका. एकाने टाकलं होतं. मग टाके उसवत बसला.

बाकीचं सगळं तुमच्या आणि पोरांच्या आनंदासाठी आहे, तेवढंच धरून चाला.

---

खळ_आणि_सरस | ७ एप्रिल, रात्री ११:५०

@सातपुड्याची_वाट, ते म्हातारे काका आमचे शेजारी असावेत. मीही अमळनेरचा, वडील बाइंडर होते. व्यापाऱ्यांच्या लाल चोपड्या, शाळांची हजेरीपत्रकं, ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं हे सगळं घरात. मी नोकरी दुसरीच करतो पण हात विसरलेला नाही. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

तापीकाठ ताई, वर्षभर पोथी आणि वर्षाअखेर चोपडी असं करा. म्हणजे वर्षभर पानं सुटीच ठेवा, दोन पुठ्ठ्यांमध्ये, नाडीने बांधून. लिहिताना पान सुटंच असलं की डावखुऱ्याला कडी लागायचा प्रश्नच उरत नाही, बाडाचीही गरज नाही. साने गुरुजी आमच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात मुलांसाठी हाताने लिहून दैनिक काढायचे, तीही रोजची सुटी पानंच. बांधायचं नंतर.

एक अट. आजपासून प्रत्येक पानावर डावीकडे एक इंच समास, पाठपोट लिहिलं तर मागच्या बाजूला उजवीकडे. पट्टी ठेवून पेन्सिलीने ओढून द्या. त्या समासात भाजक येता कामा नये.

आता शिवण. सगळ्यात पक्की म्हणजे जुजबंदी. जुज म्हणजे एकात एक घातलेल्या घड्यांचा एक संच. कोरी वही करायची तर सोपं आहे, ए-थ्रीचे चार कागद मधोमध दुमडले की ए-फोरची आठ पानं, म्हणजे सोळा पृष्ठांचा एक जुज. पण तुमची पानं आधीच लिहिलेली आणि सुटी. त्यांची जोडपानं करावी लागतील: दोन पानं शेजारी ठेवून मधल्या कडेवर बोटभर रुंद पातळ कागदाची पट्टी चिकटवायची. पांढरा पतंगी कागद घ्या, रंगीत नको, खळीने रंग सुटतो. सेलोटेप तर नकोच नको, आपल्याकडच्या उन्हात दोन वर्षांत पिवळी होऊन सुटते आणि डाग ठेवून जाते.

इथे सगळे चुकतात. शेजारची पानं जोडायची नसतात! आठ पानांच्या जुजात पहिलं जोडायचं आठव्याला, दुसरं सातव्याला, तिसरं सहाव्याला, चौथं पाचव्याला. वडील मला सांगायचे, बेरीज नऊ आली का बघ. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. पाठीपोटी क्रमांक असले तरी मोजायचं पान, पृष्ठ नाही.

जोडपानं वाळली की मधोमध दुमडा. घडीवरून नख फिरवू नका, कागद चमकतो. वेळूची गुळगुळीत कामटी फिरवा. सगळे जुज एकावर एक रचून रात्रभर वजनाखाली. आमच्याकडे पाटा असायचा, आई दुसऱ्या दिवशी चटणीला पाटा शोधायची.

मग कण्यावर सगळ्या जुजांना एकाच रेषेत सहा खुणा. दोन टोकांना दोन, मध्ये दोन जोड्या. प्रत्येक जोडीच्या मधून नाडी जाईल, साधी लेंग्याची सुती नाडी, पण धुतलेली, नाहीतर नंतर आटते. दाभणाने आतून बाहेर भोकं पाडा. जाड सुती दोरा मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्या. टोकाच्या भोकातून आत, पहिल्या भोकातून बाहेर, नाडीवरून वळसा, शेजारच्या भोकातून परत आत. असं दुसऱ्या टोकापर्यंत. मग दुसरा जुज वर ठेवून उलट दिशेने. प्रत्येक टोकाला आल्यावर खालच्या जुजाच्या टाक्यात सुई अडकवून गाठ. ती गाठ राहिली तर सगळे जुज वेगळे नाचतात. दोरा कण्याच्या दिशेनेच ओढा, वर ओढलात तर कागद चिरतो.

कण्याला खळ. मैद्याची, शिजवून घट्ट, सायीसारखी. खळीत चिमूटभर मोरचूद घालायची पद्धत आहे, कसर आणि झुरळं खळ खात नाहीत. पण मोरचूद विषारी आहे, मुलं बरोबर असतील तर गाळाच आणि वही सावलीत कोरड्या जागी ठेवा. कण्यावर जुन्या धोतराचं विरलेलं कापड, दोन्ही बाजूंना दोन बोटं बाहेर. मग पुठ्ठे, वरून कापड, आणि आतून पुस्तीचा कागद, तोच पुठ्ठ्याला आणि वहीला एकत्र धरून ठेवतो.

उन्हाळ्याचं: एप्रिल-मेत आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो तेव्हा खळ लावायचं काम पहाटेच करायचं, पंखा बंद. नाहीतर कापड झपाट्याने आकसतं आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. लावल्या लावल्या वजन.

दुकानातली गरम डिंकाची बांधणी, तो कणा चिकटवलेला असतो ती, या कामाला घेऊ नका. पत्र्याखाली एक उन्हाळा काढला की डिंक आधी नरमतो, मग ठिसूळ होतो, आणि पानं पत्त्यांसारखी हातात येतात.

---

वेळ_कुठंय | ८ एप्रिल, सकाळी ६:५५

पाटा कुठून आणू? मिक्सर चालेल का वजनाला?

---

खळ_आणि_सरस | ८ एप्रिल, सकाळी ७:२०

चालेल. खाली फळी ठेवा म्हणजे वजन सारखं पडेल.

---

तापीकाठ | ८ एप्रिल, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. काल धाग्याची लांबी बघून नवरा म्हणाला, वह्या शिवण्यापेक्षा हे वाचायला वेळ जास्त लागेल.

ठरवलेलं असं: यंदाची पानं धुळेकर काकांच्या पद्धतीने तारखेच्या क्रमाने लावणार, विषयाने नाही. क्रमांक मुलंच टाकतील. बांधणी खळ_आणि_सरस भाऊंच्या जुजबंदीने, आधी धाकट्याची, कारण ती थोडी आहेत. पुढल्या वर्षी सुटी पानं लग्नपत्रिकेच्या दोन पुठ्ठ्यांत.

तीन प्रश्न. स्पायरलची मागची वही सोडवून यात घेता येईल का? स्केचपेनचा रंग खळीने पसरेल का? आणि वर्तमानपत्राची कात्रणं बरीच आहेत, पिवळी पडायला लागलीत.

---

खळ_आणि_सरस | ८ एप्रिल, रात्री ११:३०

स्पायरलची कडी उलटी फिरवून निघते. भोकांची कड सरळ कापून टाका, पाव इंच जाईल, मग बाकीचं तसंच. भाजक मात्र कोणी परत आणून देणार नाही, मुलीलाच विचारा, ज्याला भागलं त्यातून बाकी वजा करून उत्तराने भागेल. तोच दिवसाचा अभ्यास.

स्केचपेन पसरतोच. त्या पानांना खळ कडेपासून तीन मिलिमीटरच लावा आणि खाली टीपकागद घ्या. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडणारच, शेजारच्या पानालाही डाग देतो. चांगलं असेल त्याची झेरॉक्स घ्या, बाकीचं पोरांना कात्री लावायला द्या.

---

धुळेकर_निवृत्त | ९ एप्रिल, सकाळी ८:४०

झेरॉक्स चालेल, पण दुकानाच्या पावत्या, बसची तिकिटं चिकटवली असतील तर बघा. यंत्रातून निघणारा तो गुळगुळीत कागद उष्णतेने छापलेला असतो, आपल्या उन्हात वर्षभरात कोरा होतो. आमच्या नातवाने रावेरच्या सहलीचं तिकीट जपून ठेवलं होतं. आता तो कागद नुसताच पांढरा आहे. खाली त्याने ‘हे तिकीट’ असं लिहिलंय म्हणून कळतं.

---

भरीत_पुरी | ९ एप्रिल, सकाळी ९:०५

मी अजूनही फाइलवालीच. पण दाभण आणलंय.

---

तापीकाठ | १५ जून, रात्री ९:५०

धागा वर काढते आहे, कारण झाली एक!

पाऊस सुरू झाला म्हणून पत्र्याच्या खोलीतलं सगळं खाली आणलं आणि हात घातला. धाकट्याची ९६ पानं, म्हणजे बारा जुज. थोरलीने पहिल्या दिवशी पानं जुळवताना बघून सांगितलं की पहिल्या जुजात बेरीज ९, दुसऱ्यात २५, तिसऱ्यात ४१, दर जुजाला १६ ने वाढते. मी हे कुठे शिकवलं नव्हतं. मग तिने बाराही जुजांच्या बेरजा एका कागदावर लिहून भिंतीला लावल्या आणि धाकटा जोड्या लावत गेला, ती तपासत गेली. मी फक्त खळ शिजवली, आणि तीही एकदा करपवली.

पहिले तीन जुज शिवताना माझ्या गाठी सैल राहिल्या. उसवून परत. दोरा वर ओढायचा नाही हे वाचूनही एक पान चिरलंच. कणा थोडा वाकडा आहे, वहीला डाव्या अंगावर कललेल्या माणसासारखी ऐट आलीय. लेंग्याची नाडी धुवायची विसरले होते, ती आटली, म्हणून असेल.

पाचव्या जुजात गंमत. बेरीज ७३ यायला हवी. ३३ आणि ४० आलं, ३४ आणि ३९ आलं, ३६ आणि ३७ आलं. ३५ नुसतंच हातात राहिलं. म्हणजे ३८ नाही. घर पालथं घातलं. शेवटी धाकटा म्हणाला, ते पान त्याने शेजारच्या आजींना दिलं होतं, त्यावर त्यांच्या गाईचं चित्र होतं आणि गाय तेव्हाच विकली होती.

परत मागायला जीव झाला नाही. ३५ ला पतंगी कागदाची पट्टी लावली, पलीकडे बोटभर कोरा कागद ठेवून शिवून टाकलं. धाकट्याने त्या पट्टीवर बारीक अक्षरात ३८ लिहिलंय.

---

सातपुड्याची_वाट | १५ जून, रात्री १०:१५

पट्टी ठेवलीत ते बरं केलंत. आजींकडच्या पानाची झेरॉक्स कधी मिळाली तर तिथेच चिकटवता येईल.

---

तापीकाठ | १६ जून, सकाळी ७:१०

त्याला विचारलं. नको म्हणतोय.